आत काय आहे, उघडून दाखव

कोलकात्याच्या न्यू टाउनमधल्या आमच्या ऑफिसच्या दारात सिक्युरिटीवाला सगळ्यांच्या बॅगा तपासतो. तपासतो म्हणजे, बॅगेकडे बघून मान हलवतो. शोभनाताई परचुरे मात्र रोज सकाळी त्याच्या टेबलावर आपली कापडी पिशवी ठेवायच्या, तोंड उघडायच्या (पिशवीचं आणि स्वतःचंही) आणि एकेक वस्तू बाहेर काढून त्याला तिची ओळख करून द्यायच्या. ‘‘एइटा छाता. एइटा टिफिन, मेथीर शाक. एइटा आमार बाबार ओषूध.’’ तो बिचारा ‘‘लागबे ना दीदी, लागबे ना,’’ म्हणजे नको हो ताई, म्हणत हात जोडायचा. मागे रांग लिफ्टपर्यंत जायची. पण बाईंचं म्हणणं असं, की तपासायला बसवलेल्या माणसाने न बघता ‘हो’ म्हणू नये, आणि म्हणत असेल तर आपण त्याला म्हणू देऊ नये.

या बाईंच्या हाताखाली मी काम केलं. माझं काय झालं असेल याची कल्पना करा. मी जन्मजात न बघता ‘हो’ म्हणणारा माणूस आहे. लग्नही मी तसंच केलं, पण ते नशिबाने चांगलं निघालं.

कंपनीने मला पुण्याहून कोलकात्याला पाठवलं तेव्हा तिथे एक मराठी बाई आहेत एवढंच कळलं होतं. मला वाटलं, आपल्यासारख्याच बदलीवर आलेल्या असतील, पुरणपोळीच्या आठवणी काढून एकत्र उसासे टाकता येतील. बाई निघाल्या चार पिढ्यांच्या कोलकातेकर. बालीगंजात जन्म, बालीगंजात शाळा, बालीगंजातच तिसऱ्या मजल्यावर वडिलांसोबत वास्तव्य. पुण्याला आयुष्यात दोनदा गेलेल्या. ‘‘तिथे एकाने मला विचारलं, तुमचं मराठी इतकं स्वच्छ कसं, मूळच्या कुठल्या? मी म्हटलं, बालीगंजची. तर तो म्हणाला, हे साताऱ्याकडे आलं का?’’ हे सांगताना त्या टाळी वाजवायच्या. टाळी ही त्यांची मोठी हौस. दोन्ही हात टेबलावर असे आपटायच्या की शेजारच्याचा चहा बशीत यायचा.

ऑफिसात त्यांचा हुद्दा काहीतरी लांबलचक होता, पण खरं काम एकच: रेपो सांभाळणं. ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. आम्ही पंधरावीस जण मिळून एकच प्रोग्रॅम लिहीत असतो. प्रत्येकाने आपापल्या कॉम्प्युटरवर लिहिलेलं सगळं एका सामायिक कोठारात जमा होतं, त्याला म्हणतात रेपो. या कोठाराची खुबी अशी, की त्याला सगळं आठवतं. कोणी, काय, कधी आत ठेवलं, नंतर काय बदललं, काय काढून टाकलं, सगळं. थोडक्यात, माझी बायको. आत काही ठेवायचं असेल तर आधी नाव घेऊन सांगायचं, की हे फोल्डर किंवा ही फाइल घे. मग सोबत एका ओळीचा संदेश लिहायचा, की हे काय आहे. आणि मगच ते कायमचं नोंदलं जातं.

आता नावं घ्यायचा कंटाळा आलेल्यांसाठी एक आडवाट आहे. नावाच्या जागी नुसतं एक टिंब द्यायचं. टिंब म्हणजे ‘इथे जे जे पडलंय ते सगळं घे.’ शोभनाताईंचा या टिंबावर फार राग. ‘‘घर बदलताना तू हमालाला असंच सांगतोस का रे? जे दिसेल ते उचल? मग त्याने केराची टोपली नेली, शेजारच्यांची मोरी धुवायची बादली नेली, तर कोणाच्या नावाने ओरडशील?’’ असं करणाऱ्यांना त्यांनी नाव ठेवलं होतं टिंबबहाद्दर. बंगाली मंडळींनाही ते इतकं आवडलं की ‘टिंबोबाहादुर’ म्हणून ऑफिसभर चालू लागलं.

ते चालू लागण्याला माझा हातभार मोठा आहे.

आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी माझं काम जमा केलं. टिंब देऊन. अर्ध्या तासाने शोभनाताई माझ्या खुर्चीमागे उभ्या.

‘‘मुकुंदा, आत काय आहे?’’

‘‘माझा कोड आहे, ताई.’’

‘‘उघडून दाखव.’’

मी उघडलं. कोड होता. कोडाशेजारी ‘नवी नोकरी’ नावाचं एक फोल्डर होतं. त्यात माझा बायोडेटा होता, आणि आमच्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या एका कंपनीला लिहिलेला अर्ज होता, की सध्याच्या ठिकाणी माझ्या गुणांना वाव नाही. हे सगळं आता कोठारात होतं, आणि कोठारातून संपूर्ण टीमच्या कॉम्प्युटरवर पोचलं होतं.

शोभनाताईंनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि बायोडेटा मोठ्याने वाचला. ‘‘व्हर्जन कंट्रोलवर प्रभुत्व.’’ व्हर्जन कंट्रोल म्हणजे हेच, कोठारात नीट ठेवणं. मग शांतपणे विचारलं, ‘‘हे कुठे आहे?’’

‘‘मी लगेच पुसतो, ताई.’’

‘‘पुसून काय होणार? त्याला आठवतं ना. पुसलंस हेसुद्धा आठवेल. उलट लोक म्हणतील, बघू या काय पुसलं.’’

त्यांनी त्या दुपारी स्वतः बसून रेपोचा सगळा इतिहास नव्याने लिहिला, माझ्या फोल्डरचा मागमूस राहणार नाही असा. प्रत्येकाला आपापली जुनी प्रत टाकून नवी घ्यायला लावली. कारण विचारलं की म्हणायच्या, ‘‘एक फोल्डर नासलं होतं.’’ मी कृतज्ञतेने विरघळून गेलो होतो. तेवढ्यात आमचा टीम लीड मैनाक माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, ‘‘मुकुंदबाबू, ओरा कोतो देबे?’’ म्हणजे, तिथे देणार किती? त्याचं वाचून झालं होतं. सगळ्यांचंच वाचून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी शोभनाताईंनी तो बायोडेटा मला परत दिला. लाल पेनाने तपासलेला. ‘‘इंग्रजीच्या चुका दुरुस्त केल्यात. जायचं तर नीट जा. आणि ते प्रभुत्व खोडलंय. तिथे ‘ओळख’ लिही.’’ मी कुठेही गेलो नाही. अशी बाई त्या दुसऱ्या कंपनीत असण्याची शक्यता नव्हती.

मैनाकची मिरवणूक निघाली ती मात्र रिकाम्या फोल्डरांवरून. त्याने एका नव्या कामाचा आराखडा केला. फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर, नावंही अशी झोकदार की वाचूनच काम झाल्यासारखं वाटावं. ते सगळं कोठारात टाकलं आणि बड्या साहेबांसमोर पडद्यावर उघडलं. पडदा कोरा. आमचं कोठार रिकाम्या फोल्डराची दखलच घेत नाही. आत एक तरी फाइल हवी, नाहीतर त्याच्या लेखी ते फोल्डर नाहीच. लोक अशा वेळी आत एक कोरी फाइल टाकून मोकळे होतात. शोभनाताईंची रीत वेगळी होती. त्या आत एक छोटी फाइल ठेवायच्या आणि तीत लिहायच्या, इथे काय येणार आहे आणि ते कोण आणणार आहे. ‘इथे पावत्यांचे नमुने येतील. मैनाक आणेल.’ मैनाक कुरकुरायचा, ‘‘शोभोनादि, हे तर उघड उघड धमकी देणं झालं.’’ त्या म्हणायच्या, ‘‘हो. आणतोस कधी?’’

संदेशाच्या बाबतीतही तसंच. मी एकदा ‘बदल’ असा एकच शब्द लिहिला. त्या तीन टेबलं पलीकडून ओरडल्या, ‘‘बदल! कसला बदल, मुकुंदा? हवापालट? उद्या मी मेले तर माझ्यामागे जो बसेल त्याला काय कळायचं यातून?’’ मग स्वतःच्याच बोलण्यावर टाळी, आणि कोणाचा तरी चहा बशीत. मात्र एखाद्याने नेटका संदेश लिहिला, फोल्डरं नावं घेऊन नीट जमा केली, की त्या इतक्या हरखायच्या की खाली माणूस धाडून सगळ्यांसाठी झालमुडी मागवायच्या. फोल्डर जमा झाल्याबद्दल मुरमुरे वाटणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

आणि मग आलं बोलकं कपाट.

कोलकात्यातल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात मुलं यायची, आरतीला टाळ्या वाजवायची आणि आपसात बंगालीत भांडायची. मराठी कळायचं, पण तोंडातून निघायचं नाही. शोभनाताईंच्या डोक्यात आलं, की कॉम्प्युटरवर एक कपाट काढायचं. मुलाने कुठलाही खण उघडला, की आतून मंडळातल्या एखाद्या आजोबा-आजीचा आवाज बोलणार. गोष्ट, गाणं, रागावणं, काहीही. त्या उत्सवातच ते सुरू करायचं. आणि त्यात एक खण होता आप्पांचा.

आप्पा म्हणजे शोभनाताईंचे वडील. बालीगंजातल्या एका शाळेत त्यांनी जन्मभर गणित शिकवलं, बंगालीतून. पण घरात मुलीला पाढे शिकवले ते मराठीत, पावकी, निमकी, दिडकीसकट. पाव, अर्धा, दीड यांचे पाढे. माझ्या वडिलांना यायचे, मला येत नाहीत, आणि पुण्यातही आता कोणाला येतात असं दिसत नाही. आप्पांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की माणूस राहील, आवाज राहणार नाही.

त्यामुळे रेकॉर्डिंगची घाई. त्यांच्या हॉलमध्ये पंखा बंद करून, घामाच्या धारांत आम्ही बसलो. आप्पा खुर्चीत ताठ. मी रेकॉर्डर धरलेला.

‘‘शोभने, हा मुलगा हालतो फार,’’ आप्पा म्हणाले.

‘‘हालू नकोस रे, मुकुंदा. आवाजात येतं.’’

‘‘घाम पुसू का?’’

‘‘दिडकी संपल्यावर.’’

आप्पांनी सगळे पाढे म्हटले. मध्येच गोष्टी सांगितल्या, मध्येच कोणा अदृश्य विद्यार्थ्याला दटावलं. शेवटी पाणी पिऊन म्हणाले, ‘‘झालं. आता कापा.’’

दुसऱ्या दिवशी आप्पा हॉस्पिटलात, शोभनाताई त्यांच्याजवळ, आणि सगळे आवाज माझ्याजवळ. माझं काम सोपं होतं. आवाज साफ करायचे, खणाखणांच्या फोल्डरांत लावायचे आणि ते सगळं ‘आवाज’ नावाच्या एका फोल्डरात घालून मंडळाच्या रेपोत जमा करायचं. मी ठरवलं, यावेळी बाईंनी थक्क झालं पाहिजे. म्हणून आधी सराव केला. ‘आवाज’ फोल्डरातच मी माझी एक छोटी खासगी रेपो थाटली, प्रत्येक फाइल नाव घेऊन जमा केली, संदेश लिहिला. सगळं सुरेख जमलं. मग ते फोल्डर उचललं आणि मंडळाच्या मोठ्या रेपोत घातलं. तेव्हा पडद्यावर पिवळ्या अक्षरांत बरंच काही लिहून आलं. मला वाटलं अभिनंदन असेल. मी वाचलं नाही.

हॉस्पिटलातून बाईंचा फोन आला. ‘‘जमा केलंस?’’

‘‘केलं.’’

‘‘उघडून बघितलंस?’’

‘‘हो तर!’’ मी म्हणालो. सर्व्हरवर फोल्डरचं नाव दिसत होतं. नाव दिसणं म्हणजे बघणंच नाही का?

मग मला टापटिपीचा झटका आला. लॅपटॉपवर जागा उरली नव्हती म्हणून मी आवाजाच्या सगळ्या फाइली उडवल्या. कचऱ्याचा डबाही रिकामा केला. रेकॉर्डर पुसून चकचकीत केला आणि आईने शिकवल्याप्रमाणे जागच्या जागी ठेवला.

उत्सवाच्या सकाळी बालीगंजच्या हॉलमध्ये माणसं जमायला लागली होती. पहिल्या रांगेत आप्पा. कडक इस्त्रीचा सदरा, गळ्याला मफलर, हातात काठी. बोलणं आता काठीवर होतं. एकदा आपटली की हो, दोनदा आपटली की नाही. ‘‘आप्पा, ऐकायचंय ना स्वतःला?’’ कोणीतरी विचारलं. काठी एकदा, जोरात.

पडद्याजवळ शोभनाताई मंडळाच्या कॉम्प्युटरवर रेपोची ताजी प्रत घेत होत्या. मी मोदकांच्या ताटाजवळ होतो.

‘‘मुकुंदा.’’

या हाकेत टाळी नव्हती. मी मोदक खाली ठेवला.

‘‘आवाज कुठे आहेत?’’

‘‘आत आहेत की, ताई. ते काय फोल्डर.’’

‘‘उघडून दाखव.’’

मी उघडलं. आत काहीही नव्हतं. बंद केलं, पुन्हा उघडलं. लाजून तरी काही बाहेर येईल असं वाटलं.

‘‘तुझ्या लॅपटॉपवर?’’

‘‘उडवले.’’

‘‘रेकॉर्डरवर?’’

‘‘पुसला. म्हणजे… स्वच्छ केला.’’

‘‘स्वच्छ,’’ त्या म्हणाल्या. मागे वळून त्यांनी एकदा आप्पांकडे पाहिलं. आप्पा काठीवर हनुवटी टेकून पडद्याकडे बघत होते, नाटक सुरू व्हायच्या आधी लोक बघतात तसे. शोभनाताईंचा चेहरा मी प्रथमच रिकामा पाहिला. त्या रागावल्या असत्या तर मला फार बरं वाटलं असतं.

मग एकदम त्यांनी चष्मा नाकावर घेतला. ‘‘फाइली उडवल्यास तेव्हा जागा किती मोकळी झाली?’’

‘‘व्हायला हवी होती त्याच्या निम्मीच. मी म्हटलं, कंपनीचा लॅपटॉप, त्याचं सगळं असंच.’’

‘‘निम्मी? मग उरलेल्या निम्म्या जागेत कोण बसलंय?’’

मला कळेना. त्या खेकसल्या, ‘‘लॅपटॉप आण! पळ!’’

लॅपटॉप पिशवीतच होता. ‘आवाज’ फोल्डर वरून रिकामं दिसत होतं. त्यांनी लपलेल्या फाइली दाखवायचं बटण दाबलं, आणि कोपऱ्यात एक फिकट फोल्डर उगवलं.

‘‘हे काय?’’

‘‘तो… सराव केला होता. तुमच्यावर छाप पाडायला.’’

‘‘फोल्डराच्या आत दुसरी रेपो थाटलीस?’’ आणि बाई हसायलाच लागल्या. ‘‘अरे गाढवा, मग मोठी रेपो आत कशी शिरेल? ती दारापर्यंत आली, बघितलं हे दुसऱ्याचं बिऱ्हाड, म्हणाली मी नाही परक्याच्या घरात शिरत, आणि दारावरची पाटी वाचून परत गेली! नाव नोंदलं, आतलं काही नेलंच नाही. पण थांब, थांब. सरावात तू शेवटपर्यंत गेला होतास का? नुसतं ‘घे’ म्हणून सोडलंस, की संदेश लिहून नोंदलंस?’’

‘‘नोंदलं होतं. संदेशही लिहिला होता.’’

‘‘काय लिहिलं होतंस?’’

मला आठवेना. त्यांनीच तो काढला. पडद्यावर माझी ओळ आली: ‘आप्पांचे पाढे, दिडकीपर्यंत, ऑपरेशनच्या आधीचे. बाकी आजी-आजोबाही आहेत.’

शोभनाताईंनी ती ओळ बोट ठेवून वाचली. मग म्हणाल्या, ‘‘बाकी आजी-आजोबाही आहेत! असं लिहितात होय रे?’’ आवाज जरा ओला होता. तेवढ्यात मैनाक, जो केवळ मोदकांसाठी आला होता, मागून डोकावला. ‘‘शोभोनादि, की होलो?’’ म्हणजे, काय झालं?

‘‘टिंबोबाहादुर बेंचे गॅलो!’’ टिंबबहाद्दर वाचला.

एका ओळीची आज्ञा दिली त्यांनी, आणि फाइली परत यायला लागल्या. पाढे, गोष्टी, रागावणं, एकाखाली एक, जशी काही मंडळी फिरायला गेली होती आणि जेवायच्या वेळेला घरी परतली. त्यांनी दोन्ही हात टेबलावर असे आपटले की गणपतीपुढची समई हलली. मग आतलं बिऱ्हाड हलवलं, एकेका फोल्डराचं नाव घेऊन सगळं मोठ्या रेपोत जमा केलं, मंडळाच्या कॉम्प्युटरवर पुन्हा ताजी प्रत घेतली. आणि मला म्हणाल्या, ‘‘आता तू उघड.’’

मी खण उघडला.

‘‘एक दीड दीड,’’ आप्पा म्हणाले. हॉलमधल्या लाउडस्पीकरमधून, खणखणीत. पहिल्या रांगेतले आप्पा दचकले. मग काठी जमिनीवर ताल धरायला लागली. ‘‘दोन दीड तीन. तीन दीड साडेचार.’’ मुलं पडद्याजवळ सरकली. ‘‘चार दीड सहा. पाच दीड साडेसात. सहा दीड नऊ. सात दीड… दहा.’’

मी चरकलो. फाइल बिघडली की काय? पण लाउडस्पीकरमधले आप्पा थांबले होते. मग म्हणाले, ‘‘काय रे, झोपलात? चुकलो की मी! कोणी पकडलं?’’

रेकॉर्डिंगच्या वेळी मी घामाच्या धारांत उभा असताना त्यांनी हे केलं होतं, आणि माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

‘‘शाडे दॉश!’’ पुढच्या मुलांतून एक चिमुरडी किंचाळली. साडेदहा, पण शुद्ध बंगालीत.

‘‘मराठीत सांग, मराठीत,’’ शोभनाताई लगेच म्हणाल्या. खाडकन काठी वाजली. दोनदा. आप्पा मुलीकडे डोळे वटारून बघत होते. स्वतःच्या मुलीकडे. मग त्यांनी त्या चिमुरडीकडे वळून काठी एकदाच आपटली, अगदी हलके. बरोबर. त्यांना उत्तर बरोबर हवं होतं.

त्या दिवशी तो खण इतक्या वेळा उघडला गेला की आरतीला उशीर झाला. दुपारी बाकीच्या आजी-आजोबांनी रांग लावली. आमचंही परत घ्या, आम्ही नीट बोललोच नव्हतो, आम्हाला आणखी आठवतंय.

तेव्हापासून शोभनाताईंना चैन नाही. त्यांनी नोकरी सोडली, गावोगावच्या मराठी म्हाताऱ्यांचे पत्ते मिळवले, आणि ज्याचा आवाज अजून आहे त्याच्या दारात जाऊन उभ्या राहायला लागल्या. माझी पुण्याला परत बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला घरी गेलो, तर घरात आप्पा एकटे. त्यांनी काठीने खिडकीबाहेर स्टेशनची दिशा दाखवली.

बालीगंज स्टेशनवर बजबजची लोकल लागलेली होती. बायकांच्या डब्याच्या खिडकीत शोभनाताई.

‘‘मुकुंदा! बरं झालं आलास, पण मला वेळ नाही. बजबजला एक आजी सापडल्यात. नवरा ज्यूट मिलमध्ये होता. ओव्या येत नाहीत, आरत्या येत नाहीत, पण शिव्या! कोकणातल्या जुन्या अस्सल शिव्या, आता कोणाला येत नाहीत अशा! वय फार झालंय रे, कधी विसरतील नेम नाही.’’

‘‘मंडळाच्या मुलांना शिव्या ऐकवणार, ताई?’’

‘‘त्यांचं फोल्डर वेगळं करीन की!’’

मी ‘सांभाळून राहा’ वगैरे काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, एवढ्यात त्यांचा फोन वाजला. बजबजच्या आजीच होत्या. गाडी हलली. डब्यातल्या सगळ्या बायका त्यांच्याकडे वळून बघत होत्या, आणि खिडकी माझ्यापासून लांब जात असताना बाई फोनमध्ये जिवाच्या आकांताने ओरडत होत्या, ‘‘नाही, नाही, आजी, आत्ता नका देऊ! मी पोचेपर्यंत थांबा! सगळ्या तोंडात धरून ठेवा, मी आलेच!’’